टाचेचे तत्त्वज्ञान

माणसाचा आत्मा शरीरात नेमका कुठे असतो, यावर थोरामोठ्यांत मतभेद आहेत. माझ्यापुरता तो गेली दोन वर्षे उजव्या टाचेत आहे. सकाळी खाटेवरून पहिले पाऊल जमिनीला टेकले की त्याचा साक्षात्कार होतो. चाळीतल्या शेजाऱ्यांना तेव्हापासून गजराच्या घड्याळाची गरज उरलेली नाही.

डॉक्टरांनी या दुखण्याचे 'प्लांटर फॅशिआयटिस' असे भारदस्त नाव सांगितले. टाचेपासून बोटांकडे जाणारा तळपायाचा जाड पट्टा दुखावतो, म्हणे. उपाय सोपे. पोटऱ्या ताणा, पायाखाली गार बाटली फिरवा, मऊ चपला घाला, उभे राहणे कमी करा आणि काही महिने धीर धरा. यातला धीर लोअर परळात शिल्लक नाही. डिलाईल रोडचा पूल २०१८ साली वाहतुकीला बंद झाला तो २०२३ साली पुरता उघडला. आमचा साठा तेव्हाच संपला.

मी पडलो वाणिज्य शाखेचा पदवीधर. तपासणी, एक्स-रे, शेक, खास चपला असा ताळेबंद मांडला आणि हबकलो. मग आठवले, आपण विम्याचा हप्ता भरतो! पॉलिसी काढून वाचली. तात्पर्य असे : चोवीस तास इस्पितळात पडून राहिलात तर आम्ही तुमचे. चालत गेलात आणि लंगडत परत आलात, तर तुमचे तुम्ही. म्हणजे माझा विमा दुखण्याचा नव्हता, खाटेचा होता.

आमच्या मजल्यावरचे एक जाणकार गृहस्थ गालात हसले. "अहो, एक रात्र झोपा की नर्सिंग होममध्ये! कागद होतात. दुखणं खरं आहे ना तुमचं?"

खरे होते, हीच तर पंचाईत. खऱ्या दुखण्यासाठी खोटा कागद केला तर पाप किती टक्के? बँकेत सही जुळली नाही की मी चेक परत करतो. सही करणारा समोर उभा असतो, खात्यात पैसे असतात, तरी परत करतो. तो नियम स्वतःच्या टाचेला लावायचा की नाही?

रात्री प्रश्न दादांपुढे टाकला. दादा म्हणजे आमचे वडील. गिरणीत साचेखात्यात होते, आठ-आठ तास उभे. त्यांच्याकडे १९४८ च्या कायद्याने आलेले कामगार विम्याचे कार्ड होते. साधा खोकला घेऊन पॅनेलच्या डॉक्टरकडे गेले तरी औषध मिळे. खाटेची अट नव्हती. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, वर्गणी थांबली आणि यथावकाश कार्डही थंडावले. त्या योजनेत २०१७ पासून पगाराची मर्यादा २१,००० रुपये झाली. माझा पगार त्या रेषेच्या किंचित वर, म्हणजे मी सुखवस्तू!

मला वाटले, दादा आता करारी काहीतरी बोलणार. ते म्हणाले, "अरे, मी पण घेतला होता खोटा दाखला. लावणीला गावी जायचं होतं. ताप आहे म्हणून सांगितलं."

"मग?"

"मग काय, लावणी झाली. पुढच्या पावसात खरा ताप आला. डॉक्टर हसला, म्हणाला, 'काय, भात लावायचाय?'" जरा थांबून म्हणाले, "माझं जाऊ दे. मी केलं ते भोगलं. पण माझ्यामागं एक पोरगा होता तापानं थरथरत. त्यालाही तो तसाच हसला."

मी नर्सिंग होमचा बेत सोडला. कंपनीचा नियम मला आजही न्यायाचा वाटत नाही, हे नमूद करून ठेवतो. पण खोट्या कागदाची वसुली कंपनीकडून होत नाही. ती होते आपल्या मागे उभ्या असलेल्या लंगड्याकडून. त्याच्या वाट्याचा विश्वास आपण आगाऊ उचलून खर्च करतो.

दुसऱ्या दिवशी बँकेत पेन्शनच्या रांगेतून एक आजी म्हणाल्या, "बाबा, पाय दुखतात रे, जरा लवकर कर." हे वाक्य मी वीस वर्षे ऐकतो आहे आणि वीस वर्षे मनात म्हणतो आहे, 'सगळे हेच सांगतात.' त्या दिवशी उठलो आणि माझी खुर्ची लंगडत बाहेर नेऊन दिली.

आजींनी माझ्या चालीकडे पाहिले. "टाच का रे?"

कागद न मागता विश्वास ठेवणारी ती पहिलीच व्यक्ती. मग आम्ही पाच मिनिटे टाचांवर बोललो. मागची रांग खोळंबली. कुरकुर झाली. होणारच, तिच्यातही दोन-चार टाचा असतीलच की!