शिरढोणचा उंबरठा

पनवेल सोडून गोव्याच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात कर्नाळ्याचा सुळका दिसू लागतो, अंगठ्यासारखा वर आलेला. मुलं गाडीतून बोट दाखवतात आणि तेवढ्यात शिरढोण मागे पडतं. याच गावात वासुदेव बळवंत फडक्यांचा वाडा आहे. ४ नोव्हेंबर १८४५ ला ते इथे जन्मले. पडझडीला आलेला हा वाडा दुरुस्त करून आता स्मारक म्हणून जपला आहे.

दुरुस्त केलेले वाडे मला नेहमी थोडे पोरके वाटतात. चुलीत राख नसते, ओटीवर कुणी अडकित्ता घेऊन बसलेलं नसतं. भिंती आणि कौलं गवंडी-सुतार नीट करतात. माणसं मात्र आपल्यालाच आठवून आत आणावी लागतात.

वासुदेवरावांचे आजोबा अनंतराव कर्नाळ्याचे किल्लेदार. १८१८ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला. म्हणजे या घरातला मुलगा मान वर करून पाही, तेव्हा हातचा गेलेला किल्ला समोर उभा असे. त्याला ती गोष्ट सांगायला पुस्तक कशाला लागलं असेल!

मी मनाने थांबतो ते उंबरठ्यापाशी. वासुदेवराव पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरीला होते. आई अत्यवस्थ असल्याचा निरोप आला, वरिष्ठांनी रजा दिली नाही. ते तसेच निघाले. घरी पोचले तेव्हा आई गेलेली होती. पुढे वर्षश्राद्धालाही रजा मिळाली नाही. हा उंबरठा त्या दिवशी त्यांनी कसा ओलांडला असेल?

मग १८७६ चा दुष्काळ आला. उपाशी गावं त्यांनी डोळ्यांनी पाहिली आणि दौलतराव नाईकांसारखे रामोशी सोबती घेऊन १८७९ मध्ये इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचललं. त्याच वर्षी जुलैत ते पकडले गेले. पुण्यातल्या खटल्यात सार्वजनिक काका वकील म्हणून त्यांच्या बाजूने उभे राहिले, तरी शिक्षा झाली ती जन्मठेपेची, रवानगी एडनला. तिथे ऑक्टोबर १८८० मध्ये त्यांनी कोठडीचं दार बिजागऱ्यांपासून उचकटलं आणि बाहेर पडले. मुलूख परका, मध्ये अख्खा अरबी समुद्र. लवकरच पुन्हा पकडले गेले. १७ फेब्रुवारी १८८३ ला एडनलाच त्यांचा अंत झाला. तुरुंगाचं दार उपसून काढणाऱ्या या माणसाला शिरढोणचं दार पुन्हा दिसलं नाही.

पुढच्या वेळी त्या रस्त्याने जाल तेव्हा गाडी जरा गावात वळवा. मुलांना बरोबर न्या. वाड्याच्या पायरीवर बसून त्यांना आईची आणि नाकारलेल्या रजेची गोष्ट सांगा, आणि मग कर्नाळ्याकडे बोट दाखवा.