दोन दिनार आणि परतीचे वचन

वार्धक्यात आजारपण आले की दोन प्रश्न एकदमच दाराशी उभे राहतात. एक पैशाचा आणि दुसरा माणसांचा. पहिल्या प्रश्नाला शासनाने २९ ऑक्टोबर २०२४ पासून एक उत्तर देऊ केले आहे. सत्तर वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येक नागरिकाला, त्याचे उत्पन्न न विचारता, आयुष्मान भारत योजनेत सामावून घेण्यात आले. घरातील अशा सर्व वडीलधाऱ्यांना मिळून वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार योजनेतील रुग्णालयांत विनामूल्य मिळावेत, अशी ही तरतूद आहे. त्यासाठी मिळणाऱ्या कार्डाला 'आयुष्मान वय वंदना' असे नाव दिलेले आहे.

हे कार्ड काढण्याविषयी आपल्या धर्मग्रामांत दोन सूर ऐकू येतात. एक सूर स्वाभिमानाचा: "आयुष्यभर कोणापुढे हात पसरला नाही, आता सरकारचे धर्मार्थ कशाला घ्यायचे?" दुसरा सुटकेचा: "बरे झाले, आता आईवडिलांच्या दुखण्याची काळजी मिटली." आम्हांला वाटते, हे दोन्ही सूर तपासून पाहायला हवेत.

पहिला सूर दान आणि न्याय यांत गल्लत करतो. दान देणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून असते; न्याय हा घेणाऱ्याचा हक्क असतो. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली 'रेरुम नोवारुम' हे परिपत्रक काढले, तेव्हापासून ख्रिस्तसभा सांगत आली आहे की, श्रमिकाचे संरक्षण हे राज्याचे कर्तव्य आहे, उपकार नव्हे. या योजनेचा खर्च केंद्र आणि राज्य सरकारे करांतून उचलतात, आणि कर केवळ श्रीमंत भरतात असे नाही. साबणाची वडी विकत घेणारी म्हातारीही तो भरतच असते. शिवाय येथे कोणाला आपले दारिद्र्य सिद्ध करावे लागत नाही. वय हीच पात्रता आहे. जेथे लाज वाटावी असे काही मागितलेलेच नाही, तेथे लाज कसली?

मात्र हक्कालाही विवेकाची जोड हवी. सधन माणसाने हे कार्ड घेतल्यास ते पाप नव्हे. परंतु गरज नसता रुग्णालयात दाखल होणे, किंवा वाढवलेल्या बिलावर डोळे मिटून सही करणे, हे मात्र सार्वजनिक पैशाची चोरी करण्यासारखे आहे. आणि या योजनेमुळे ज्याचे लाख-दोन लाख वाचले, त्याने शेजाऱ्याकडेही पाहावे. कारण ही योजना रुग्णालयात दाखल झालेल्यांसाठी आहे. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्या, डॉक्टरांच्या दवाखान्यातील फी, घरी ठेवलेल्या बाईचा पगार हे खर्च तिच्यात बसत नाहीत. आपल्या अनेक धर्मग्रामांत सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी ज्यांच्या घरी जाते, त्यांची ओढाताण बहुधा याच लहान खर्चांपायी होते.

दुसरा सूर अधिक धोक्याचा आहे, कारण तो ऐकायला गोड लागतो. मार्कच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात प्रभू येशू 'कुर्बान' या प्रथेवर कठोर टीका करतो. आपली मालमत्ता देवाला अर्पण केली असे म्हणायचे आणि त्या सबबीवर आईवडिलांना काही द्यायचे नाही, असा तो व्यवहार होता. एका चांगल्या गोष्टीचे नाव पुढे करून त्यांनी चौथी आज्ञा मोडली. आज आमच्या हातून तसेच होणार नाही कशावरून? "कार्ड काढून दिले आहे ना!" हे वाक्य परदेशातून फोनवर बोलणाऱ्या मुलाच्या तोंडी जितके सहज येते, तितकेच भिंतीपलीकडे राहणाऱ्या मुलाच्याही.

पोप अकरावे पायस यांनी १९३१ साली एक तत्त्व मांडले: लहान समूह स्वतःच्या बळावर जे करू शकतो, ते मोठ्या समूहाने त्याच्याकडून काढून घेऊ नये. या तत्त्वाने येथे वाटणी स्पष्ट होते. हृदयाच्या शस्त्रक्रियेचा खर्च हे सामान्य कुटुंबाच्या आवाक्यापलीकडचे ओझे आहे. ते शासनाने उचलावे. परंतु रात्री उठून गोळी घेतली का म्हणून विचारणे, खाटेशेजारी बसणे, तीच ती जुनी गोष्ट पुन्हा ऐकणे हे शासनाला कधीच जमणार नाही. खर्चाचे ओझे हलके झाले ते सेवेला हात मोकळे व्हावेत म्हणून, सेवेतून सुटका व्हावी म्हणून नव्हे.

दयाळू शोमरोनीचा दाखला आपण परक्यावरील दयेसाठी सांगतो. त्यात पैशाचाही हिशेब आहे, तो आपण विसरतो. त्याने उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार दिले आणि अधिक खर्च झाल्यास परतल्यावर भरून देण्याचे वचन दिले. पण दिनार काढण्यापूर्वी त्याने जखमा स्वतःच्या हातांनी बांधल्या होत्या आणि त्याची शुश्रूषा केली होती. शासनाचे कार्ड म्हणजे ते दोन दिनार. त्यांचे मोल मोठे आहे आणि ते नाकारण्यात शहाणपण नाही. परंतु जखमा बांधणे आणि परत येणे या गोष्टी आपल्याकडेच राहतात.

याची सुरुवात कार्ड काढण्यापासूनच होते. नोंदणी आधार क्रमांकावर होते. कोणाचा मोबाइल क्रमांक बदललेला असतो, तर उभा जन्म मातीत राबलेल्या कोणाच्या बोटांचे ठसे यंत्राला उमटत नाहीत. अशा वेळी चेहऱ्यावरून ओळख पटवता येते, पण हे त्यांना कोणी सांगायचे? आपल्या युवकांनी दोन रविवार यासाठी दिले, तर अनेक घरे या योजनेशी जोडली जातील. आणि त्या वेळी ते म्हाताऱ्या माणसाशेजारी घटकाभर बसले, तर वयाला खरे वंदन तेथेच घडेल.