अस्वामिविक्रय

डिसेंबर २०१५ मध्ये कॅरोल हायस्मिथ या अमेरिकन छायाचित्रकार बाईंना एक पत्र आले. त्यांच्या धर्मादाय संस्थेच्या संकेतस्थळावर एक छायाचित्र परवान्यावाचून वापरण्यात आले आहे, तरी १२० डॉलर भरून प्रकरण मिटवावे, असा त्या पत्राचा आशय होता. ते छायाचित्र हायस्मिथ यांनी स्वतःच काढलेले होते. एवढेच नव्हे, तर ते त्यांनी पूर्वीच वॉशिंग्टन येथील काँग्रेस ग्रंथालयाला, म्हणजे पर्यायाने सर्व जगाला, देऊन टाकलेले होते. दात्याने आपल्याच दानाचा उपभोग घेतला म्हणून त्याच्याकडे तिसऱ्याच माणसाने पैसे मागावेत, असा हा प्रकार होता.

या दानाला एक पूर्वपीठिका आहे. १९८०च्या सुमारास हायस्मिथ वॉशिंग्टनमधील विलर्ड या बंद पडलेल्या, मोडकळीला आलेल्या हॉटेलची छायाचित्रे काढत होत्या. हे हॉटेल वैभवात असताना कसे दिसत होते याचा शोध घेताना त्यांना फ्रान्सेस बेंजामिन जॉन्स्टन या आद्य छायाचित्रकर्तीने विसाव्या शतकाच्या प्रारंभी टिपलेली चित्रे सापडली. जॉन्स्टनबाईंनी आपले काम त्याच ग्रंथालयाच्या स्वाधीन केले होते, म्हणून ते सापडू शकले. एका स्त्रीने ठेवलेला ठेवा दुसरीच्या हाती असा आला. हायस्मिथ यांनी मग स्वतःची छायाचित्रे त्याच ग्रंथालयाला देण्यास १९८८च्या सुमारास आरंभ केला. कोणीही ती पाहावीत, वापरावीत, फक्त काढणाऱ्याचे नाव द्यावे, एवढीच अपेक्षा होती.

छायाचित्रांच्या वखारी हा आजचा मोठा व्यापार आहे. लक्षावधी चित्रे आधीच काढून, विषयवार लावून ठेवलेली असतात. वृत्तपत्राला पाऊस हवा असो की जाहिरातदाराला हसणारे कुटुंब, दोन्ही तेथे तयार मिळते. सर्वसामान्यतः या व्यापारात चित्र विकले जात नाही. विकली जाते ती परवानगी. अमुक कारणासाठी, अमुक मुदतीपर्यंत हे चित्र तुम्ही वापरू शकता, एवढे लेखी आश्वासन घेऊन गिऱ्हाईक घरी जाते. ही परवानगी देण्याचा अधिकार वखारीला छायाचित्रकाराकडून मिळतो आणि मोबदल्याचा काही हिस्सा त्याला पोचतो. परवान्यावाचून वापरलेली चित्रे संगणकाच्या साहाय्याने हुडकून काढणे आणि वापरणाऱ्याला वसुलीचे पत्र धाडणे, हे या व्यवहाराचे दुसरे अंग. हायस्मिथ यांना आलेले पत्र या दुसऱ्या अंगाचे होते.

ज्या ग्रंथाचे १९२७ साली महाडला दहन झाले, आणि ते सकारण झाले, त्याच मनुस्मृतीत अठरा व्यवहारपदांपैकी एकाला अस्वामिविक्रय असे नाव दिलेले आहे. जो वस्तूचा धनी नाही त्याने ती विकणे, हा त्याचा अर्थ. अशा विक्रेत्याचे वर्णनही तेथे मोठे मार्मिक आहे: तो चोर असतो, पण स्वतःला चोर मानत नाही. वस्तू मूळ धन्याकडे परत जावी, हा या प्रकरणातील न्यायाचा कणा आहे.

धनी असेल तेथे हा न्याय आजही चालतो. १२ जानेवारी २०१० रोजी हैती देशात भूकंप झाला, त्या दिवशी डॅनिएल मोरेल या छायाचित्रकाराने उद्ध्वस्त शहराची चित्रे समाजमाध्यमावर टाकली. ती त्याच्या संमतीवाचून एका वृत्तसंस्थेने उचलली आणि गेटी इमेजेसमार्फत ती विकली गेली. २०१३च्या नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या ज्यूरीने त्याला सुमारे १२ लाख डॉलर भरपाई दिली. मोरेलने आपला हक्क सोडलेला नव्हता.

हायस्मिथ यांनी तो सोडला होता. आपली १८,७५५ छायाचित्रे गेटी इमेजेसच्या वखारीत विक्रीला आहेत असे आढळल्यावर त्यांनी जुलै २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात एक अब्ज डॉलरचा दावा लावला. आपले नाव गाळून भलत्याचेच नाव घातले गेले, आणि जे फुकट मिळते त्याचा परवाना विकून गिऱ्हाइकांची दिशाभूल झाली, असे त्यांचे म्हणणे होते. चित्रे सर्वांची आहेत, ती पुरवण्याचे शुल्क घ्यायला कोणाचीच आडकाठी असू शकत नाही, असा प्रतिवाद झाला. २०१६ संपण्यापूर्वी दाव्याचा मुख्य भाग फेटाळला गेला आणि उरलेला आपसात मिटला.

प्रतिवाद पोकळ होता असे म्हणता येत नाही. ज्ञानेश्वरी कोणाच्याच मालकीची नाही, तरी प्रकाशक ती छापून विकतो. त्यात कोणाला पाप दिसत नाही. कागदाला, छपाईला, मुद्रितशोधनाला पैसा पडतो (मुद्रितशोधनाला अलीकडे फारसा पडत नसावा, असे काही आवृत्त्या पाहून वाटते). पाणपोईतले पाणी तांब्यात भरून बसस्थानकावर गाडीच्या खिडकीपर्यंत आणून देणाऱ्या पोराने चार पैसे घेतले तर ते त्याच्या पायपिटीचे. परंतु तोच पोरगा पाणपोईच्या वाटेवर उभा राहून प्रत्येक तहानलेल्याला अडवू लागला, आणि त्याने एके दिवशी पाणपोई घालणाऱ्यालाच अडवले, तर तो काय विकतो आहे? पाणी तर नव्हेच. जी परवानगी मुळात लागतच नाही ती तो विकतो आहे. श्रमाचा मोबदला आणि खोट्या परवानगीचे मोल एकाच पावतीवर लिहिले गेले, म्हणजे दोहोंतला भेद गिऱ्हाइकाच्या नजरेतून सहज निसटतो.

येथे एक आक्षेप दात्यावरही येतो. आहुती देताना यजमान ‘न मम’ म्हणतो. तसे म्हणून झाल्यावर पुन्हा एक अब्ज डॉलर मागणे हे त्या उच्चाराशी सुसंगत आहे काय? दिलेले परत घेऊ पाहणे हेही त्याच अठरा व्यवहारपदांत मोडते. हा आक्षेप टाळण्यासारखा नाही. परंतु हायस्मिथ चित्रे परत मागत नव्हत्या. वस्तू माझी नाही, असे म्हणणाऱ्याने ती वाटेवरच्या पहिल्या हुशार माणसाची आहे असे म्हटलेले नसते. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५७ प्रमाणे, हक्क विकून टाकला तरी कृती आपली आहे असे सांगण्याचा कर्त्याचा अधिकार शिल्लक उरतो. कर्ता आणि कृती यांच्यातला एक धागा विक्रीनेही तुटत नाही, हे यात गृहीत आहे. विक्रीने जे तुटत नाही ते दानाने तुटावे, आणि राखून ठेवणारा सुरक्षित तर देऊन टाकणारा उघडा पडावा, ही व्यवस्था विचित्र आहे.

या व्यापाराला कोणती गोष्ट वर्ज्य आहे हे सांगणे कठीण. कृष्णविवराचे पहिले छायाचित्र १० एप्रिल २०१९ रोजी जगासमोर आले. श्रेय द्या आणि वापरा, अशी खुली मुभा शास्त्रज्ञांनी दिली होती. व्हिज्युअल चायना ग्रुप या चिनी वखारीने लागलीच त्यावर आपला हक्क लावला. चीनचा राष्ट्रध्वजही तिच्या फडताळात विक्रीला होता. लोक खवळले, कंपनीने माफी मागितली, तिचे संकेतस्थळ काही काळ बंद करावे लागले.

हायस्मिथ यांच्याकडे मागितलेले १२० डॉलरही वसूल झाले नाहीत. चित्र आपणच काढले आहे असे त्यांनी कळवताच मागणी सोडून देण्यात आली. परंतु ती सोडली गेली ती त्या कर्त्या होत्या म्हणून. ते चित्र वापरायला कोणाही माणसाला मोकळीक होती म्हणून नव्हे. तेच पत्र एखाद्या शाळामास्तराला गेले असते तर त्याने काय उत्तर लिहिले असते? ग्रंथालयाच्या दानपत्राची त्याला वार्ता नसती. बहुधा त्याने निमूट पैसे भरले असते आणि पुढच्या वेळी चित्र लावण्याचे टाळले असते.

खटल्यानंतरही हायस्मिथ यांनी दान थांबवले नाही. नव्या छायाचित्रांची भर ग्रंथालयातील त्यांच्या संग्रहात पडत राहिली.