रानमोडीचा दोष कोणाचा?

आपल्यापैकी बहुतेक घराण्यांची कुळकथा ‘आम्ही मूळचे इथले नव्हेत’ या वाक्यापासून सुरू होते. कोणाचा मूळपुरुष घाट उतरून आला, कोणाचा सावंतांच्या मुलखातून, कोणी कुलदेवता बरोबर घेऊन नदी ओलांडली. पिढ्या उलटल्या, कुळागरे उभी राहिली, ग्रामदेवतेच्या उत्सवात मान मिळाला, आणि ‘मूळचे नव्हेत’ हे शब्द संकोचाचे न राहता अभिमानाचे झाले. मात्र एखाद्या झुडपाला आपण ‘परके’ म्हणतो तेव्हा तोच शब्द शिवीसारखा उच्चारतो. ही विसंगती माझ्या ध्यानी आली ती लाटंबार्से येथील एका बांधावर.

आमच्या वाट्याच्या डोंगरउतारावर काजूची जुनी झाडे आहेत. घरची माणसे पणजीला, पुण्याला गेली. बेणणी एका वर्षी राहिली, मग दुसऱ्याही वर्षी राहिली. एका जानेवारीत मी तेथे गेलो तो बुंधे दिसेनासे झालेले. छातीएवढी रानमोडी माजली होती आणि तिचे पिसासारखे बी वाऱ्यावर उडत होते. खालच्या बाजूच्या वयस्क शेजाऱ्याने आपल्या कुळागरालगतच्या मोकळ्या तुकड्यात पोफळीची नवी रोपे लावली होती. तो बांधाशी येऊन शांतपणे म्हणाला, ‘‘भाऊ, तुमची रानमोडी आमच्या कुळागरांत येता.’’ ‘तुमची’ या शब्दापाशी मी अडखळलो. ‘मी कुठे लावली?’ हे उत्तर ओठांवर आले होते, आणि ते खरेही होते.

मग लावली कोणी? रानमोडी मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ती शोभेचे झाड म्हणून कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानात आणली गेली, असे वनस्पतिशास्त्रज्ञ सांगतात. त्याच उद्यानात त्याआधी काही दशके टणटणीही अशीच फुलांसाठी आली होती. पुढे मळे, रस्ते, वाहने, गुरांचे केस आणि माणसांचे कपडे यांनी त्यांना देशभर पोचवले. आणणाऱ्याच्या मनात दुष्टावा नव्हता. बागेला शोभा यावी एवढाच हेतू.

येथे नावाविषयी थोडे. ‘रानमोडी’ म्हणजे रान मोडणारी, हा आपल्या भाषेने दिलेला निवाडाच आहे. पण हे झुडूप उन्हाचे भुकेले. दाट, सावलीच्या रानात त्याचे फारसे चालत नाही. तोड झाली, वणवा गेला, रस्ता फोडला, जमीन पडीक राहिली की ते तेथे ठाण मांडते. वस्तुतः रान आधी मोडलेले असते, रानमोडी मागाहून येते. आल्यावर मात्र ती दुसऱ्या रोपांना डोके वर काढू देत नाही आणि उन्हाळ्यात तिच्या वाळक्या काड्यांवरून आग झरझर पसरते, हेही तितकेच खरे. (कोयत्याने बोट कापले की तिचाच पाला चुरगाळून लावतात, तो भाग वेगळा.)

आता ज्या काजूच्या बाजूने मी रानमोडीवर रागावलो होतो, तो काजू तरी कुठला? ब्राझीलचा. पोर्तुगीजांच्या जहाजांतून तो सोळाव्या शतकात आला. गोव्यात १५६३ साली छापलेल्या गार्सिया द ऑर्ताच्या ग्रंथात काजूचा उल्लेख नाही. १५७८ साली क्रिस्तोव्हाव द कॉश्ता कोचीनच्या बागांत तो पाहिल्याचे नोंदवतो. पुढे शतकभराने डच अंमलदार व्हान ऱ्हीड याने ‘होर्तुस मलाबारिकुस’ हा मलबारच्या वनस्पतींचा महाग्रंथ सिद्ध केला. त्यात काजूलाही जागा मिळाली. या ग्रंथाला साहाय्य करणारे रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे कोचीनमध्ये स्थायिक झालेल्या कोंकणी ब्राह्मण समाजातले वैद्य होते. त्यांच्या पूर्वजांना पोर्तुगीज अमलात गोवा सोडावा लागला होता. ज्या सत्तेमुळे ही माणसे परागंदा झाली, तिच्याच जहाजांतून आलेल्या झाडाला त्यांनी आपल्या विद्येत घेतले! आज काजू, कोळंबीत तुडवलेली त्याची बोंडे आणि त्यांची फेणी यांवाचून डिचोली-सत्तरीचा उन्हाळा कल्पिता येत नाही. तेव्हा मूळ गाव हा गुन्हा नव्हे. २०२३ च्या एका आंतरराष्ट्रीय अहवालाने माणसाने परमुलखी नेलेल्या सजीवांच्या जाती ३७,००० हून अधिक मोजल्या. त्यांतल्या वनस्पतींपैकी घातक ठरलेल्या शंभरात सुमारे सहाच आहेत.

दोष परक्यावर ढकलण्याची घाई कशी होते, याचे उदाहरण गाजरगवत. अमेरिकन मदतीच्या गव्हातून ते आले म्हणून लोकांनी त्याला ‘काँग्रेस गवत’ हे खोचक नाव दिले. बी धान्यातून आले असावे हे संभवनीय आहे. परंतु पुण्यात ते १९५५ च्या सुमारास नोंदले गेले आणि ‘पीएल ४८०’ चा भारताशी करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये. म्हणजे आरोपपत्रावरची तारीखच जुळत नाही. शिवाय तो गहू भुकेल्यांनी खाल्ला. तो नाकारायला हवा होता, असे म्हणण्याचा अधिकार पोट भरलेल्या माणसाला कितपत आहे?

मला अधिक अस्वस्थ करतात ते आमच्याच तालुक्यातले खाणींच्या मातीचे ढीग. दुसऱ्या महायुद्धानंतर डिचोलीच्या डोंगरांतले खनिज बार्जांनी मुरगाव बंदरात आणि तेथून जपानला जाऊ लागले. निरुपयोगी माती मागे उरली. ती वाहून जाऊ नये म्हणून पुढे तिच्यावर लवकर वाढणारी ऑस्ट्रेलियन अकेशिया लावली. ढीग हिरवे झाले. पण झाडांखाली न कुजणाऱ्या पानांचा जाड थर, आणि त्यातून दुसरे फारसे काही उगवत नाही. खनिज कोणाचे, जहाज कोणाचे, पैसा कोणाचा, हे कागदोपत्री लिहिलेले असते. ढिगाखालच्या शेताला काय सोसावे लागले, हे ज्याचे शेत त्यालाच ठाऊक.

प्रश्न आहे तो इथे. हेतू नसताना झालेल्या हानीचे दायित्व कोणाकडे? कलकत्त्याच्या त्या बागवानाला मी दोष देणार नाही. त्याला पुढचे दिसणे शक्य नव्हते. पण अज्ञानाची सबब काळाबरोबर आटत जाते. आयात रोपाबियांच्या तपासणीसाठी आपल्याकडे २००३ चा आदेश आहे. आज शोभेचे रोप मागवणारा ‘ठाऊक नव्हते’ म्हणू शकत नाही. आणि मी? काजूचे पैसे माझ्या खात्यावर येत होते. दोन वर्षांची बेणणी चुकवून मी मजुरी वाचवली होती आणि रानमोडीचे बी कुठवर उडते हे मला लहानपणापासून माहीत होते. झुडूप मी लावले नव्हते, तरी ज्या मोकळ्या उन्हात ते माजले ते ऊन माझ्याच वाट्यातले होते. शेजाऱ्याने ‘तुमची’ म्हटले ते बरोबर होते.

गेल्या दिवाळीनंतर, ती फुलावर येण्यापूर्वी, मुळासकट उपटायला चार माणसे घातली. एका फेरीत ती जात नाही, राहिलेल्या मुळांतून फुटतेच. पावसाळ्यानंतर पुन्हा जावे लागेल. बांधाखालच्या पोफळीच्या रोपांमधली रानमोडीही त्याच माणसांनी काढली. शेजारी त्यांच्या मजुरीतला आपला वाटा द्यायला आला होता. मी घेतला नाही, आणि त्यानेही फार आग्रह केला नाही.