बुरखाबंदी : दंड कोणाच्या माथी?

सार्वजनिक जागी चेहरा झाकण्यावर बंदी घालणारे विधेयक १३ जुलै २०१० रोजी फ्रान्सच्या संसदेत मतास आले. कनिष्ठ सभागृहात बाजूने ३३५ मते पडली आणि विरोधात एक. सिनेटमध्ये दोन महिन्यांनी २४६ विरुद्ध एक असाच निकाल लागला, आणि ११ एप्रिल २०११ पासून कायदा लागू झाला. त्यात दोन शिक्षा आहेत. रस्त्यात, दुकानात, बसमध्ये, दवाखान्यात चेहरा झाकून वावरणाऱ्या बाईला १५० युरोपर्यंत दंड, नाहीतर नागरिकत्वाच्या वर्गाला बसण्याची सक्ती. आणि तिला धाकदपटशाने चेहरा झाकायला लावणाऱ्याला एक वर्ष कैद व ३०,००० युरो दंड. मुलगी अल्पवयीन असेल तर दोन्ही दुप्पट.

यातली दुसरी शिक्षा मला मनापासून मान्य आहे. पहिली शिक्षा मात्र कोणत्याही सरकारने ठेवू नये असे माझे ठाम मत आहे, आणि ते मी बुरख्याचा कैवार घेऊन मांडत नाही. चेहरा झाकणारा नकाब हा बाईवरचा अन्याय आहे. पुरुषाच्या नजरेचा दोष बाईच्या अंगावर कापडाच्या रूपाने चढवायचा आणि वर त्यालाच तिची अब्रू म्हणायचे, हे कुठल्याही धर्माच्या नावाने केले तरी चूकच. बाबासाहेब आंबेडकरांनी पाकिस्तानवरच्या ग्रंथात पडद्याचे दुष्परिणाम कुणाची भीडभाड न ठेवता सांगितले आहेत. ते नाकारून मुस्लिम बाईचे भले होणार नाही. प्रश्न आहे तो सरकारने हात कुणावर टाकायचा, हा.

फ्रान्समध्ये तो कुणावर पडला ते पाहू. कायद्याआधी गृहखात्याचाच अंदाज होता की साऱ्या देशात नकाब घालणाऱ्या बायका १,९०० च्या आसपास असतील. सहा कोटींहून जास्त लोकसंख्येच्या देशात एवढ्याच. पहिल्या काही वर्षांतच दंडाच्या सुमारे दीड हजार पावत्या फाटल्या. रशीद नेक्काझ नावाच्या उद्योजकाने निधी उभारला आणि तो या बायकांचे दंड भरू लागला. आता त्या बाईच्या बाजूने विचार करा. घरातला एक पुरुष सांगतो झाक, रस्त्यातला पोलीस सांगतो काढ, आणि तिसरा पुरुष तिच्या नावाची पावती भरून मोकळा होतो. तिला काय वाटते हे तिघांपैकी कुणालाच विचारावेसे वाटत नाही. जुलै २०१३ मध्ये पॅरिसजवळच्या त्राप गावात पोलिसांनी एका नकाबधारी बाईला तपासणीसाठी अडवले, त्यावरून बाचाबाची झाली आणि गावात दंगल पेटली. त्यानंतर त्या वस्तीतल्या किती मुली निर्धास्तपणे पोलीस ठाण्याची पायरी चढल्या असतील? आणि ज्या मुलीवर घरात सक्ती होते, तिला गरज असते ती नेमकी त्याच ठाण्याची.

‘हा कायदा बाईच्या मुक्तीसाठी आहे’ हे समर्थन तर स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयानेही स्वीकारले नाही. १ जुलै २०१४ च्या निकालात न्यायालयाने बंदी कायम ठेवली हे खरे. पण ज्या पेहरावाचा आग्रह बायका स्वतः धरतात, त्यावर स्त्री-पुरुष समानतेच्या नावाने सरसकट बंदी घालता येणार नाही, असे त्याच निकालात म्हटले आहे. सार्वजनिक सुरक्षेचा मुद्दाही एवढ्या व्यापक बंदीला पुरेसा ठरला नाही. टिकला तो एकच आधार : समाजात एकत्र राहायचे तर माणसांना एकमेकांचे चेहरे दिसले पाहिजेत. २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने याच कायद्याखाली झालेल्या दंडात फ्रान्सने हक्कभंग केल्याचे मत दिले. मधल्या काळात बेल्जियम, ऑस्ट्रिया, डेन्मार्क त्याच वाटेने गेले. स्वित्झर्लंडमध्ये मार्च २०२१ च्या सार्वमतात ५१.२ टक्के लोकांनी बंदीचा कौल दिला आणि १ जानेवारी २०२५ पासून ती अंमलात आली.

यावर आपल्याकडचा सुधारकी बाण्याचा वाचक विचारेल की कायद्याशिवाय कुठली दुष्ट रूढी कधी गेली आहे? सती कायद्यानेच बंद झाली ना? रास्त प्रश्न आहे. पण महाराष्ट्रातल्या सुधारणेचा इतिहास जरा जवळून पाहावा. समाजसुधारक गोपाळ गणेश आगरकरांनी १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याची बाजू घेतली. त्या कायद्याने शरीरसंबंधासाठी मुलीच्या संमतीच्या वयाची मर्यादा दहावरून बारावर नेली आणि गुन्हेगार ठरवले ते नवऱ्याला. सतीच्या कायद्याचा रोख होता चितेवर ढकलणाऱ्यांवर आणि त्यांना साथ देणाऱ्यांवर. हेच आगरकर आपल्या ‘सुधारक’ पत्रातून बायकांनी जाकिटे घालावीत म्हणून लिहीत होते. तिथे त्यांनी युक्तिवाद केला, टिंगल सोसली, शिव्याशाप सोसले. जाकीट न घालणाऱ्या बाईला दंड करा, असे त्यांच्या मनातही आले नाही. कायदा कुठे मागायचा आणि मन कुठे वळवायचे, हे त्यांना पक्के कळत होते.

केशवपनाचे तर आणखी बोलके आहे. विधवेचे डोके भादरणे यापेक्षा ओंगळ रूढी सापडणार नाही. त्या बायकांतल्या कित्येकींना आपण धर्माचरणच करतो आहोत असे वाटत होते, आणि विचारले असते तर त्यांनी तसेच सांगितले असते. १८९० मध्ये मुंबईत नाभिकांची सभा भरली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असे त्यांनी ठरवले. त्यामागे सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे होते. वस्तरा ज्याच्या हातात, त्याच्याशी ते बोलले. त्याऐवजी भादरलेल्या डोक्याची विधवा रस्त्यात दिसली की शिपायाने तिच्याकडून दंड वसूल करावा, असा कायदा कुणी सुचवला असता तर आज आपण त्याला सुधारक म्हटले असते का? नकाबासाठी बाईला दंड करणे याहून वेगळे नाही.

मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाईंनीही हीच दिशा धरली होती. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांनी मुंबईत सात मुस्लिम बायकांचा मोर्चा काढला, तो तोंडी तलाकाविरुद्ध. तलाकाचा तो अधिकार होता नवऱ्याच्या हातात, आणि तो काढून घेण्यासाठी त्यांना कायदा हवा होता.

सरकारने बाईच्या अंगावरच्या कपड्याला हात घातला की काय होते, हे इराणने भोगले आहे. जानेवारी १९३६ मध्ये रझा शाहने पडदा मोडण्याचे फर्मान काढले. पोलीस भर रस्त्यात बायकांच्या चादरी ओढू लागले, तेव्हा कित्येकींनी घराबाहेर पडणेच सोडले. कित्येक मुलींचे शिक्षण थांबले. १९७९ नंतर त्याच रस्त्यांवर उलट सक्ती आली, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये महसा अमिनी ही तरुणी त्या सक्तीच्या पहारेकऱ्यांच्या ताब्यात असताना दगावली. दोन राजवटींची तोंडे दोन दिशांना होती, पण बाईचे कपडे ठरवण्याचा अधिकार आपलाच आहे, यावर दोघींचे एकमत होते.

आता आपल्याकडे वळू. मुंबईत सकाळी हार्बर लाइनच्या लेडीज डब्यात उभे राहून पाहा. गोवंडी-मानखुर्दला बुरख्यात चढलेली एखादी मुलगी दोन स्टेशने गेली की नकाब सोडते, बुरख्याची बटणे काढते, घडी घालून सॅकमध्ये ठेवते, केस सारखे करते आणि कॉलेजच्या स्टेशनावर जीन्स-कुर्त्यात उतरते. संध्याकाळी परतताना सारे उलटे. तिच्यासाठी तो बुरखा म्हणजे घराच्या उंबरठ्यावर भरायची जकात आहे. ‘बुरखा घालून का होईना, पाठवतात तरी’ असे या मुली बोलतात. ते ऐकताना पोटात कालवते. पण उद्या बंदी आली तर बाप बुरखा सोडणार नाही, कॉलेज सोडवील, आणि बंदी मागणाऱ्यांपैकी कुणी त्या घरी समजूत घालायला जाणार नाही. चेंबूरच्या एका महाविद्यालयाने २०२४ मध्ये हिजाब, बुरखा, नकाब, टोपी सगळ्यावर बंदी घातली. मुंबई उच्च न्यायालयाने मुलींची याचिका फेटाळली; सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये हिजाब आणि टोपीपुरती स्थगिती दिली, वर्गात बुरख्याला मात्र मुभा दिली नाही. वर्गात शिक्षकाला विद्यार्थ्याचा चेहरा दिसावा, ही अपेक्षा मला गैर वाटत नाही.

तसेच जिथे ओळख पटवण्याची गरज आहे तिथे चेहरा दाखवलाच पाहिजे : विमानतळावर, परीक्षेच्या दारात, बँकेत. आपली मतदान केंद्रे हे वर्षानुवर्षे शांतपणे करत आली आहेत. महिला कर्मचारी आडोशाला बाईचा चेहरा पाहते, यादीतल्या फोटोशी ताडते, बोटाला शाई लागते, बाई मत देते. कामापुरता नियम, कामापुरता वेळ. त्यासाठी बाजारात भाजी घेणाऱ्या बाईला गुन्हेगार करावे लागत नाही.

आता मुस्लिम समाजातल्या पुरुषांशी बोलायला हवे. बंदीला विरोध करताना तुम्ही स्वातंत्र्याची भाषा बोलता. मग घरातल्या मुलीने नकाब नको म्हटले तर ती भाषा टिकते का? हजमध्ये एहरामच्या, म्हणजे यात्रेकरूच्या पवित्र अवस्थेत बाईने नकाब घालू नये असा तुमचाच नियम आहे. काबागृहाभोवती लाखो पुरुषांच्या गर्दीत जो चेहरा उघडा चालतो, तो मोहल्ल्यातल्या गल्लीत का चालू नये? कुराणात नजर खाली ठेवण्याची आज्ञा आधी पुरुषांना आहे, बायकांना त्यानंतरच्या आयतीत. ही चर्चा मशिदीत आणि घराघरात व्हायला हवी, आणि ती बाहेरून लादलेली नाही. केरळच्या मुस्लिम एज्युकेशनल सोसायटीने २०१९ मध्ये आपल्या संस्थांत चेहरा झाकण्यावर स्वतःच बंदी घातली आणि त्यापायी आपल्याच लोकांचा रोष पत्करला. अशांच्या पाठीशी उभे राहणे हे उरलेल्या समाजाचे काम आहे. मात्र बुरख्यावरून मुस्लिमांना हिणवणाऱ्यांच्या गर्दीत उभे राहून ते करता येत नाही. तिथून उच्चारलेला सुधारणेचा शब्द मोहल्ल्यात हल्ला म्हणूनच ऐकू जातो.

सरकारला खरेच काही करायचे असेल तर काम भरपूर आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आपल्याकडे आहे, आणि त्यात भावनिक छळही मोडतो. चेहरा झाकायला नकार दिला म्हणून मुलीला मारणे, कोंडणे, शिक्षण तोडणे, हे त्या कायद्याखाली नोंदवून घेतले जावे. तक्रार घेणारी बाई असावी आणि तिने आधी मुलीची सुरक्षितता पाहावी. संरक्षण अधिकारी पूर्णवेळ असावेत आणि वस्तीपासून बसच्या अंतरावर भेटावेत. घर सोडावे लागलेल्या मुलीला त्याच रात्री वसतिगृहात खाट मिळावी आणि तिची फी थांबू नये. यातले एकही काम बंदीच्या एका अध्यादेशाइतके सोपे नाही, आणि प्रत्येकासाठी अर्थसंकल्पात पैसे ठेवावे लागतील.