लज्जेपासून मुक्ती आणि व्यक्तीचा मान

कर्मठ मेथॉडिस्ट घराण्यात वाढलेल्या ह्यू हेफ्नर या तरुणाने, आईने दिलेले 1000 डॉलर आणि इतरांकडून कर्जाऊ घेतलेल्या रकमा यांच्या बळावर, शिकागो येथे 1953 च्या डिसेंबरात ‘प्लेबॉय’ मासिकाचा पहिला अंक काढला, तेव्हा दुसरा अंक निघेल याचीच त्याला शाश्वती नसल्याने त्यावर तारीखही छापली नव्हती. तथापि 50 सेंट किमतीच्या त्या अंकाच्या 50,000 हून अधिक प्रती खपल्या. नग्न चित्रे त्यापूर्वीही विकली जात, पण चोरून. हेफ्नरने त्या चित्रांना आर्ट पॉल यांची देखणी मांडणी, 1954 मध्ये रे ब्रॅडबरी यांची ‘फॅरनहाइट 451’ ही कादंबरी आणि 1962 पासून प्रदीर्घ मुलाखती अशी प्रतिष्ठित सोबत मिळवून दिली. आणि चित्रातील स्त्री शेजारच्या घरातीलच वाटावी, म्हणून तिला नाव व आवडीनिवडी बहाल केल्या. 1962 च्या अखेरीस सुरू झालेली ‘प्लेबॉय तत्त्वज्ञान’ ही लेखमाला म्हणजे देहसुखास पाप लेखणाऱ्या प्युरिटन नीतीविरुद्ध त्याने मांडलेली कैफियतच होती.

या कैफियतीचा पूर्वार्ध मान्य करण्यास विवेकी मनुष्यास हरकत नसावी. कामाला चार पुरुषार्थांत स्थान देणाऱ्या परंपरेच्या वारसांनी देहालाच दोष देणे शोभत नाही; आणि आपल्याकडे र. धों. कर्वे यांनी 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून हा विषय उघडपणे मांडला, त्यापायी खटले सोसले व दंड भरले. परंतु कामसुखाचा हक्क स्त्रीलाही पुरुषाइतकाच आहे, हा कर्व्यांचा आग्रह होता. ‘प्लेबॉय’चे तत्त्वज्ञान लंगडे पडते ते येथेच.

हा लंगडेपणा ती लेखमाला सुरू होण्यापूर्वीच, 1961 मध्ये, हार्वे कॉक्स या ख्रिस्ती धर्मचिंतकाने नेमका दाखविला होता. धर्मपीठावरून अश्लीलतेची फिर्याद अपेक्षित असताना, हे मासिक मुळातच कामविरोधी आहे, असा त्याचा आक्षेप होता. कारण दोन जीवांच्या संबंधात जी जोखीम आणि जबाबदारी अटळ असते ती टाळून, ते स्त्रीला उंची चैनीच्या वस्तूंच्या पंक्तीत बसविते. पहिला अंकच याची साक्ष देतो. त्यातील अभिनेत्री मेरिलिन मन्रोचे नग्न छायाचित्र टॉम केली यांनी 1949 मध्ये घेतले होते आणि त्याबद्दल तिला अवघे 50 डॉलर मिळाले होते. पुढे हेफ्नरने 500 डॉलर मोजून छपाईचा हक्क मिळविला, तो दिनदर्शिका छापणाऱ्या कंपनीकडून. व्यवहार कायदेशीर झाला, परंतु जिचा देह विकला जात होता तिच्या संमतीची त्यात गरजच पडली नाही. व्यक्तीला निव्वळ साधन मानू नये, या तत्त्वज्ञ कांटच्या कसोटीवर हा व्यवहार टिकत नाही.

लज्जा गेली म्हणून मान आपोआप येत नाही. सबब अशा वाङ्मयाचा निवाडा करताना वस्त्र किती उतरले याची मोजदाद करण्याऐवजी, चित्रातील व्यक्तीला कोणी विचारले होते काय, हा प्रश्न वाचकाने प्रथम विचारावा.