आसरांच्या हद्दीबाहेरचे पाणी

महाराष्ट्राच्या लोकधर्मात विहीर, डोह आणि तळे यांच्या काठी साती आसरा, म्हणजे पाण्यात वस्ती करणाऱ्या सात जलदेवता, मानल्या जातात. शेंदूर फासलेले सात दगड हे त्यांचे ठाणे, आणि कोणी बुडाले तर आसरांनी ओढून नेले असे म्हणण्याची रीत आहे. या समजुतीतला दैववाद उघड आहे; परंतु तिने पाण्याभोवती एक हद्द आखली आणि त्या हद्दीत लेकराला एकटे सोडू नये हा धाकही रुजवला, हे तिच्या टीकाकारांच्या नजरेतून सहसा निसटते. पालघर जिल्ह्यातील बोईसर-तारापूरच्या कारखान्यांभोवती, सरावली-खैरापाड्यासारख्या वस्त्यांतील भाड्याच्या खोल्यांत, जी पिंपे आणि बादल्या भरून ठेवलेली असतात त्यांना मात्र कोणतीच देवता नाही, म्हणून त्यांचे भयही नाही. वास्तविक नुकत्याच चालू लागलेल्या मुलाचे डोके अंगाच्या मानाने जड असल्याने ते बादलीत वाकताच तोल जाऊन उलटे पडते, आणि वीतभर पाण्यातूनही त्याला स्वतःहून वर येता येत नाही.

विहिरीत पडू लागलेले मूल दिसताच कोणाचेही काळीज हलते, त्याअर्थी करुणा उपजत आहे, असे प्रतिपादन इ.स.पू. चौथ्या शतकातील चिनी तत्त्वज्ञ मेन्सियस याने केले. तथापि त्याचा सारा युक्तिवाद त्या दिसण्यावर उभा आहे, आणि घरातले बुडणे बहुधा निःशब्द असते. शेजारच्या खोलीत असलेली करुणा तेथे निरुपयोगी ठरते. महाभारताच्या उद्योगपर्वात सनत्सुजात धृतराष्ट्राला प्रमाद, म्हणजे अवधान सुटणे, हाच मृत्यू असल्याचे सांगतो. शांकरमतात या प्रमादाचा अर्थ आत्मस्वरूपापासून ढळणे असा आहे, त्यामुळे तो न्हाणीपर्यंत आणणे हा मूळ अर्थाचा विस्तारच होय. पण तो अनाठायी नाही.

अडचण वेगळीच आहे. प्रमाद म्हटला की दोष आईच्या माथी येतो, आणि नवरा पाळीवर गेलेला असताना पाणी भरणे, स्वयंपाक आणि मूल एकटीने सांभाळणाऱ्या बाईकडून अखंड अवधानाची अपेक्षा करणे हा अन्याय आहे. म्हणून अप्रमाद मनापेक्षा वस्तूंत वसवावा लागतो: बादली पालथी, पिंपाला घट्ट झाकण, न्हाणीला मुलाचा हात पोहोचणार नाही अशी बाहेरून कडी. अंगणवाडीतले पूर्वप्राथमिक शिक्षण तिसऱ्या वर्षापासून सुरू होते, त्यामुळे सर्वाधिक धोक्याच्या वयातले मूल घरीच उरते. आणि चाळीच्या जमिनीतल्या टाकीवर झाकण बसवून त्याला कुलूप लावणे हे भाडेकरू आईचे नव्हे, घरमालकाचे कर्तव्य ठरते.